पीडियाट्रिक फिजिओ व्हायचंय आणि शिकवायचंही आहे, तर

दरवर्षी इंटर्नशिप संपत आली की दोन-तीन मुली केबिनच्या दाराशी येऊन उभ्या राहतात, मॅम पीड्स (पीडियाट्रिक्स, लहान मुलांचं) करू का न्यूरो (मेंदू-मज्जातंतूंचं), घरचे म्हणतात स्पोर्ट्स कर त्यात पैसा आहे. तेच तेच बोलून घसा बसलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी डिग्रीचं उरकते. बारावी सायन्स, नीट, सीईटी सेलचे कॅप म्हणजे प्रवेशाचे राउंड, मग बीपीटीएच, फिजिओथेरपीची डिग्री. हे आतापर्यंत साडेचार वर्षांचं होतं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या नॅशनल कमिशनच्या नव्या अभ्यासक्रमात ते पाच वर्षांवर जातंय. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) काउन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, ते उद्यावर ढकलू नका. मग दोन वर्षं एमपीटीएच, म्हणजे मास्टर्स. इथे डोळे उघडे ठेवा, कारण काही युनिव्हर्सिटीत पीडियाट्रिक्स वेगळी ब्रँच आहे आणि काही ठिकाणी ते न्यूरोच्याच पोटात असतं. प्रॉस्पेक्टसवर भुलू नका, त्या ओपीडीत एक सकाळ नुसतं बसा, मुलं किती येतात मोजा, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, फिजिओला बोलावतात का ते तिथल्या ज्युनियरला चहा पाजून विचारा.

जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात डीईआयसी असतं, डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर, 2013 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. तिथे महिनाभर तरी हात मारा, एका छताखाली क्लबफूट म्हणजे जन्मतः वळलेलं पाऊल, डाउन्स सिंड्रोम, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), उशिरा बसणारी-चालणारी मुलं सगळं बघायला मिळतं आणि आपल्याला किती कमी येतं तेही कळतं.

आता खरं काम. विद्यार्थ्यांची पहिली चूक वयात होते. बाळ 32 आठवड्यांचं जन्मलेलं, आज सहा महिन्यांचं, आणि आमची इंटर्न लिहिते ‘आधाराने बसत नाही, डिले’. अगं, आठ आठवडे आधी आलंय ते, करेक्टेड वय, म्हणजे डिलिव्हरीच्या ठरल्या तारखेपासून मोजलेलं, चारच महिने, चार महिन्यांच्या बाळाला तू बसवणार आहेस का? दोन वर्षांचं होईपर्यंत हे गणित आधी करायचं, मग पेन उचलायचं. जीएमएफसीएस, म्हणजे सीपीचं मूल किती हिंडू-फिरू शकतं याची वर्गवारी, तिच्या पाच लेव्हल पाठ करून भागत नाही, मूल पायऱ्या कशी चढतं, रेलिंग धरतं का, घरात कसं फिरतं आणि शाळेत कसं जातं हे विचारल्याशिवाय लेव्हल ठरत नाही.

माझी एक फजिती सांगते. नोकरीला लागून वर्ष झालं होतं, सीपीच्या एका मुलाच्या आईला नऊ एक्सरसाइजचा छान टाइप केलेला कागद दिला, आकृत्यांसकट. दोन आठवड्यांनी आली तेव्हा कागद तसाच चौघडी घातलेला, एक सुरकुती नाही. रागावणार होते, पण ती सांगायला लागली, पहाटे पाणी येतं, मोठीचा डबा, सासूबाईंची शुगर, मॅडम कधी करू तुम्हीच सांगा. गप बसले. त्या दिवसापासून दोनच गोष्टी देते, तेल लावताना पाय असा लांबवायचा आणि भरवताना मांडीवर आडवं न घेता असं बसवायचं. बास. आणि शेजारी आजी असेल तर तिलाच करून दाखवायला लावते, कारण ‘आमच्याकडे सगळी उशिराच चालतात’ असं म्हणून तुमचा प्लॅन मोडणारी तीच असते.

म्हणून मी म्हणते शिकवणं हे पुढचं प्रमोशन नाही, ते पहिल्या दिवसापासून चालूच असतं, फक्त समोर आईऐवजी साठ पोरं येतात. एमपीटीएच झाल्यावर असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागता येतं, पुढे सरकायचं तर पेपर आणि पीएचडी आहेच. पण नुसतं लेक्चर घेऊ नका. मी पालकांना विचारून काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ लावते, आवाज बंद, काय दिसतंय ते लिहा म्हणते, डायग्नोसिस लिहायला बंदी. पहिल्यांदा अर्ध्या वर्गाला चार ओळी सुचत नाहीत.

आणि क्लिनिक सोडू नका. आपल्याकडे मुलांचं रिहॅब उभं राहिलं त्यामागे पोलिओचा मोठा हात होता, मुंबईत हाजी अलीचं मुलांचं हॉस्पिटल त्याच काळातलं, 2014 ला भारत पोलिओमुक्त झाला आणि आता समोर येतात ती सीपीची आणि एनआयसीयूतून वाचून आलेली बाळं. ज्याने दहा वर्षं पेशंटला हात लावला नाही तो जुन्याच नोट्स वाचून दाखवतो, आम्हीही असं एक कोणीतरी भोगलंय, नाव नको.

पैशाचं खरं सांगायचं तर सुरुवातीचा पगार बघून आईबाबांचं तोंड उतरणार. बरेच जण दुपारपर्यंत कॉलेज, संध्याकाळी क्लिनिक किंवा होम व्हिजिट करतात, आणि होम व्हिजिटला दाराशी पोचल्यावर ‘आज पाहुणे आलेत, उद्या या’ ऐकायची तयारी ठेवा, कॅन्सलचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

पोस्टिंगला येताना नखं कापलेली, बांगड्या-घड्याळ काढलेलं, आणि खिशात साबणाच्या फुग्यांची ती जत्रेत मिळणारी बाटली. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, काढलात की पोर भोकाड पसरतं, फुगे उडवले की दोन्ही हात आपोआप वर जातात, तेवढ्यात खांदा कुठपर्यंत येतो ते बघून घ्यायचं.