इंग्रजी शिकवायला कामाचं ऑनलाईन मटेरियल कसं शोधायचं

सहावीच्या वर्गात मी एकदा नेटवरून काढलेली वर्कशीट वाटली, ४० झेरॉक्स काढून नेल्या होत्या, आणि पोरं पहिल्याच ओळीला अडली. स्नोमॅन, मिटन्स म्हणजे थंडीतले हातमोजे, स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मिटन म्हणजे मांजरीचं पिल्लू ना?" तिला किटन आठवलं होतं. अख्खा तास बर्फातल्या वस्तू समजावण्यात गेला आणि जो व्याकरणाचा मुद्दा घ्यायचा होता तो राहिलाच. वर्कशीट वाईट नव्हती, आमच्या वर्गासाठी नव्हती एवढंच. तेव्हापासून मी शोधायची पद्धत बदलली, ती इथे सांगते, मराठी माध्यमात इंग्रजी शिकवणाऱ्यांना आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईबाबांनाही उपयोग होईल.

सगळ्यात आधी मोबाईल बाजूला ठेवा आणि मुलांच्या वह्या उघडा. दहा-पंधरा वह्या चाळल्या की एकच चूक परत परत दिसते. माझ्या वर्गात ती होती "व्हेअर यू वेंट?", हवं होतं "व्हेअर डिड यू गो?" आता मराठीत आपण "तू कुठे गेलास?" म्हणतो, त्यात डिडसारखं काही लागतच नाही, मग मुलांना ते सुचणार कुठून? तसंच ए, ॲन, द चं, मराठीत आर्टिकल नाहीत म्हणून ते गळतात. व्ही आणि डब्ल्यूचं पण तेच, आपल्याकडे दोन्हीला एकच व. अशी एक चूक निवडा, एका वेळी एकच, आणि फक्त तिच्यासाठी शोधा.

मग सर्चमध्ये काय टाकायचं. नुसतं "इंग्लिश वर्कशीट" टाकलं की ढीगभर रंगीत चित्रं येतात आणि हाती काही लागत नाही. मुद्द्याचं व्याकरणातलं नाव, लेव्हल आणि प्रकार असे तिन्ही शब्द टाका, म्हणजे "पास्ट सिंपल क्वेश्चन्स, ए वन, स्पीकिंग ॲक्टिव्हिटी", अर्थात इंग्रजीत टाईप करून. ए वन ही भाषा किती येते हे सांगणाऱ्या, युरोपात २००१ साली आलेल्या ए वन ते सी टू या सहा पायऱ्यांतली पहिली पायरी, जगभरचं बरंच मटेरियल त्याच पायऱ्यांनी लावलेलं असतं त्यामुळे ती टाकली की निम्मा कचरा गळतो. उच्चारांसाठी "मिनिमल पेअर्स" हा शब्द लक्षात ठेवा, त्यात वेस्ट आणि व्हेस्ट अशा एकाच आवाजाने वेगळ्या होणाऱ्या जोड्या मिळतात. आणि अजून एक, ईएलएल, म्हणजे इंग्लिश लँग्वेज लर्नर, असं टाकलं की बरंचसं अमेरिकन शाळांचं येतं, तिथे मुलाला शाळेबाहेरही दिवसभर इंग्रजी ऐकू येतं. आपल्या बहुतेक मुलांना ते फक्त तासाला ऐकू येतं. म्हणून ईएफएल, म्हणजे इंग्लिश ॲज अ फॉरेन लँग्वेज, टाकून बघा, फरक दिसेल. छापायचंच असेल तर शेवटी फाईलटाईप, कोलन, पीडीएफ हे इंग्रजीत मध्ये स्पेस न सोडता लिहा, थेट पीडीएफ फाईली येतात.

आता कुठे बघायचं. मी फार ठिकाणी फिरत नाही. गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही वेबसाईट, २०१५ पासून आहे, फुकट आहे, चार लेव्हल आहेत आणि बऱ्याच गोष्टी इंग्रजी आणि मराठी दोन्हीत सापडतात. माझं सगळ्यात आवडतं ठिकाण हेच, कारण गोष्टीतली माणसं, घरं, बाजार आपल्याकडचे असतात. आधी मराठीतून गोष्ट सांगते, मग तीच इंग्रजीतून वाचते, तेव्हा एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी पोरं पुढचा शब्द स्वतः ओरडून सांगतात. तिथली पुस्तकं खुल्या परवान्याची आहेत, लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून छापा, वाटा, बदला, चालतं. व्याकरण आणि गाण्यांसाठी ब्रिटिश कौन्सिलचं लर्नइंग्लिश किड्स, गोष्टीसोबत वर्कशीट आणि उत्तरंही असतात. पाठ्यपुस्तकातल्या धड्यावरचं हवं असेल तर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये स्कॅन करा. आणि एखाद्या शब्दाचा उच्चार कसा करायचा अशी शंका आली तर केंब्रिजची ऑनलाईन डिक्शनरी, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकायला मिळतात. मी स्वतः तासाआधी ऐकून जाते, त्यात लाजायचं काही नाही.

सापडलं की लगेच डाउनलोड करू नका. एक पान वाचा आणि आपल्या वर्गातल्या मधल्या मुलाला, म्हणजे ना सगळ्यात हुशार ना सगळ्यात मागे, कोणते शब्द येणार नाहीत ते बोटांवर मोजा. एका पानात पाच बोटं भरली तर सोडून द्या. व्हिडिओ असेल तर शेवटपर्यंत बघा, मध्येच कसलीही जाहिरात येते आणि मुलांसमोर आपण घाईघाईने स्क्रीन झाकत बसतो.

तरीही जसंच्या तसं क्वचितच बसतं, थोडं बदलावं लागतं. डिडसाठी मला "फाइंड समवन हू" नावाचा खेळ मिळाला, चौकटी असतात आणि मुलांनी उठून एकमेकांना प्रश्न विचारत त्या भरायच्या. मूळ चौकटीत होतं "डिड यू गो स्कीइंग?" मी ते खोडून "डिड यू गो टू द जत्रा?", "डिड यू ईट भाकरी यस्टरडे?" असं फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत चौकट आखली, झेरॉक्सचा खर्च शून्य. वीस मिनिटं वर्गात नुसता डिड यू, डिड यू चा गलका. जो मुलगा कधी तोंड उघडत नाही तो चौकट भरायची म्हणून सात जणांकडे जाऊन आला, आणि सातव्याला विचारेपर्यंत त्याचं डिड एकदाही चुकत नव्हतं.

शाळेत नेटवर्क नसेल तर आदल्या दिवशी घरीच डाउनलोड करून ठेवा. फाईली व्हॉट्सॲपवर पडू देऊ नका, तिथे गेलेलं परत सापडत नाही. गूगल ड्राईव्हमध्ये मुलांच्या ज्या चुकीसाठी शोधलं तिचंच नाव देऊन फोल्डर करा, म्हणजे "डिड विसरतात", "व्ही-डब्ल्यू", "आर्टिकल", आणि फाईलच्या नावात इयत्ता घाला. तास झाला की काय चाललं, काय फसलं ते दोन शब्दांत तिथेच लिहून ठेवा. माझ्या स्नोमॅनवाल्या फाईलवर लिहिलंय, "बर्फाचे शब्द काढून वापरणे".