ग्रीक अक्षरं आणि न्यायाधीशांची नावं: अमेरिकेतल्या लॉ फ्रॅटर्निटीचे पैसे भरण्याआधी

अमेरिकेत एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) किंवा जेडीला (वकिलीसाठीची तिथली मूळ पदवी) गेलेल्या विद्यार्थ्याच्या हातात ओरिएंटेशनच्या आठवड्यातच एखादं पत्रक पडतं. फाय अल्फा डेल्टा, डेल्टा थीटा फाय किंवा फाय डेल्टा फाय असं नाव, खाली एखाद्या जुन्या न्यायाधीशाचं नाव, आणि सदस्यत्वाची फी. फ्रॅटर्निटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉलेजच्या पोरांचं ते घर आणि शनिवारची पार्टी येते. ते प्रकरण निराळं. लॉ फ्रॅटर्निटी ही व्यावसायिक संघटना. एकेकाळी काही चॅप्टरांची, म्हणजे तिच्या स्थानिक शाखांची, राहायची घरंही होती, पण आज बहुतेक ठिकाणी तिची मालमत्ता म्हणजे एक बँक खातं, एक बॅनर आणि मागच्या कमिटीने सोडलेलं खोकं.

पैसे नावाला भरायचे नसतात, तुमच्या लॉ स्कूलमधल्या त्या एका चॅप्टरला भरायचे असतात. चॅप्टर जिवंत आहे की नुसता कागदावर, हे ओळखायचं तर या संस्था आल्या कुठून ते थोडं माहीत हवं.

सगळ्यात जुनी फाय डेल्टा फाय. 1869 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लॉ विभागात जॉन हॉवर्ड आणि त्याच्या सहाध्यायांनी ती काढली. तेव्हा तिथला कोर्स सहा-सहा महिन्यांच्या दोन सत्रांचा होता आणि दोन्ही वर्षी व्याख्यानं जवळपास तीच. प्रवेशाला आधीची पदवी लागत नसे. अशा ठिकाणी युक्तिवादाचा सराव आणि ओळखी या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांनाच जमवाव्या लागायच्या. अमेरिकन बार असोसिएशन स्थापन झाली 1878 मध्ये, म्हणजे ही विद्यार्थी संघटना वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेपेक्षा नऊ वर्षांनी मोठी.

तिच्या शाखेला 'इन' म्हणतात. मिशिगनची पहिली शाखा केंट इन, न्यूयॉर्कचे चान्सलर, म्हणजे तिथले न्यायाधीश, जेम्स केंट यांच्या नावाची. हा शब्द लंडनच्या इन्स ऑफ कोर्ट या बॅरिस्टरांच्या संस्थांवरून उचललेला. मराठी वाचकाला तो परका नाही: डॉ. आंबेडकर 1922 मध्ये ग्रेज इनमधूनच बॅरिस्टर झाले आणि सावरकरांना सनद नाकारली तीही ग्रेज इननेच. घोटाळा नेमका इथे होतो. लंडनची इन सनद देते आणि नाकारूही शकते. अमेरिकेतल्या या 'इन'ला तसला काही अधिकार नाही. त्यात भर म्हणजे 'अमेरिकन इन्स ऑफ कोर्ट' नावाची तिसरीच संस्था 1980 मध्ये यूटामध्ये सुरू झाली. न्यायाधीश, वकील आणि विद्यार्थी तिथे एकत्र बसतात. तिचा फाय डेल्टा फायशी संबंध नाही. गावी फोनवर 'मला इनमध्ये घेतलं' असं सांगाल आणि घरचे पेढे वाटतील, तेव्हा जरा जपून.

फाय डेल्टा फायने 2012 मध्ये फ्रॅटर्निटी हे रूप सोडलं आणि ती ऑनर सोसायटी, म्हणजे गुणांवर सदस्य घेणारी संस्था, झाली. प्रवेश साधारण वर्गाच्या वरच्या एक तृतीयांश विद्यार्थ्यांना. त्यामुळे जेडीवाल्यांना गुण हाती येईपर्यंत थांबावं लागतं. एलएलएमचा वर्ग नऊ महिन्यांत संपतो, म्हणून तिथला निकष काय आणि तो कधी लावतात, हे आधीच विचारून ठेवा. हिची गल्लत 'ऑर्डर ऑफ द कॉइफ'शी करू नका. ती वरच्या दहा टक्के पदवीधरांसाठी आहे आणि तिच्यासाठी अर्ज करायचा नसतो, निवड होते.

फाय अल्फा डेल्टाचा जन्म मात्र भांडणातून झाला. 4 नोव्हेंबर 1897 रोजी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलीच्या प्रवेशाचे नियम कडक केले: दोन वर्षांऐवजी तीन वर्षं अभ्यास आणि राज्याच्या वकिली परीक्षक मंडळाची परीक्षा. जे आधीच अर्ध्या वाटेवर होते त्यांचं काय? शिकागोचे लॉचे विद्यार्थी एकत्र आले, विधिमंडळाकडे गेले आणि नियमाआधी शिक्षण सुरू केलेल्यांना सूट देणारा कायदा त्यांनी 1899 मध्ये पदरात पाडून घेतला. त्याच वर्षी 'इन रे डे' या निकालात न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला: वकील म्हणून कोणाला घ्यायचं हे न्यायसंस्थेचं काम, विधिमंडळाचं नव्हे. पोरं हरली, पण निकाल टिकला. बारवर, म्हणजे वकिलीच्या व्यवसायावर, अंतिम ताबा कुणाचा, या वादात तो पुढेही दाखवला जात राहिला. (आपल्याकडे ऑल इंडिया बार परीक्षा आली तेव्हाच्या वर्गांना ही चिडचिड अनोळखी वाटणार नाही.)

त्या लढ्यातल्या मंडळींची पुढे 'लॅम्डा एप्सिलॉन' झाली. 1902 च्या जुलैमध्ये मिशिगनच्या साउथ हेवनला ती विसर्जित करायचं ठरलं आणि 8 नोव्हेंबर 1902 रोजी शिकागोत फाय अल्फा डेल्टा उभी राहिली. तिच्या शाखा 'चॅप्टर', आणि पदाधिकाऱ्यांची नावं कोर्टातली: प्रमुख 'जस्टिस', मग व्हाइस जस्टिस, क्लार्क, ट्रेझरर, मार्शल. कॉलेजात असतानाच घेता येणारं प्री-लॉ सदस्यत्व हा तिचा वेगळा वर्ग आहे. अर्ज भरताना त्या खान्यात टिचकी मारली तर पुढचा गोंधळ निस्तरायला वेळ जातो.

डेल्टा थीटा फायचं थोडक्यात आटपतं. 1913 मध्ये तीन छोट्या संस्था मिळून ती झाली, शाखांना 'सेनेट' म्हणतात, प्रमुखाला 'डीन'. हा डीन म्हणजे लॉ स्कूलचा डीन नव्हे! बायोडेटात नुसतं 'डीन' लिहून भारतात अर्ज केला तर वाचणारा दचकेल.

या संघटना दीर्घ काळ पुरुषांच्याच होत्या. स्त्रियांनी वाट पाहिली नाही. 1908 मध्ये शिकागो-केंट कॉलेजात कॅपा बीटा पाय निघाली आणि 1911 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात फाय डेल्टा डेल्टा. फाय अल्फा डेल्टाने 1970 मध्ये स्त्रियांना दार उघडलं आणि 1972 मध्ये फाय डेल्टा डेल्टा तिच्यात विलीन झाली. त्याच वर्षी आलेल्या, शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या टायटल नाइन या कायद्यातून सामाजिक फ्रॅटर्निट्यांना पुढे सूट मिळाली, व्यावसायिकांना मिळाली नाही. या विलीनीकरणामुळे जुन्या यादीत एखाद्या वकीलबाईंच्या नावापुढे फाय डेल्टा डेल्टा दिसलं तर ती छापखान्याची चूक समजू नका.

आता तुमच्या चॅप्टरचा इतिहास कसा वाचायचा. बॅनरवर '1912 पासून' असेल तर ते शाखेला संघटनेची मान्यता मिळाल्याचं साल असतं. मध्ये शाखा कितीदा बंद पडली ते बॅनर सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात लॉ स्कूलचे वर्गच ओस पडले, तेव्हाची खिंडारं बऱ्याच शाखांच्या इतिहासात आहेत. दुसरी अडचण नावांची. मार्शल, स्टोरी, वेबस्टर ही नावं एकाहून अधिक संस्थांनी वापरली आहेत. नुसतं 'स्टोरी' वाचून शोधलं तर भलत्याच गावातल्या भलत्याच संघटनेची यादी हाती येते. संस्था, शाखा आणि लॉ स्कूल, तिन्ही जुळली तरच माहिती धरा.

जिवंतपणा तपासायला तीन प्रश्न पुरतात. गेल्या वर्षी किती जणांची दीक्षा झाली, म्हणजे किती नवे सदस्य आले? निवडणूक कधी झाली? गेल्या सत्रातले तीन कार्यक्रम कोणते? उत्तर 'आमचं राष्ट्रीय नेटवर्क खूप मोठं आहे' असं आलं तर ओळखून घ्या. नेटवर्क मोठं असतंच, पण तुमच्या शहरातल्या माजी सदस्यांचे पत्ते कमिटीकडे नसतील तर त्याचा उपयोग शून्य. फीबद्दलही स्पष्ट विचारा: एकदाची किती, दर वर्षाची किती, त्यातली शाखेकडे किती राहते. दीक्षाविधी आता साधाच असतो. कोटटाय, शपथ, बहुधा एखादे न्यायाधीश पाहुणे, तासाभरात चहा.

बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा भांडण नसतं, मे महिना असतो. निवडणूक मार्च-एप्रिलमध्ये होते, जुनी कमिटी मे महिन्यात पदवी घेऊन बार परीक्षेच्या अभ्यासाला बसते, आणि बँकेच्या सह्या बदलायच्या राहतात. ऑगस्टमध्ये नवा ट्रेझरर बँकेत जातो तेव्हा खातं एका अशा माणसाच्या नावावर असतं जो आता दुसऱ्या राज्यात आहे.

त्याहून चिवट अडचण कराची. वर्षाला साधारण 50,000 डॉलरपर्यंत जमा असलेल्या करमुक्त संस्थेला '990-एन' हे छोटं विवरण ऑनलाइन भरावं लागतं. संस्थेचा करक्रमांक, नाव-पत्ता, एका पदाधिकाऱ्याचं नाव आणि जमा मर्यादेत असल्याची खूण. दहा मिनिटांचं काम. आर्थिक वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्याची 15 तारीख ही मुदत, म्हणजे डिसेंबरला वर्ष संपत असेल तर 15 मे, ऐन परीक्षेच्या धामधुमीत. सलग तीन वर्षं भरायचं राहिलं की करमुक्त दर्जा आपोआप जातो. केंद्रीय कार्यालय सर्व शाखांचं एकत्रित विवरण भरतं का, हे पद घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात लेखी विचारून घ्या. करक्रमांकाचं पत्र, मागच्या विवरणाची पोच, बँकेचं शेवटचं स्टेटमेंट आणि घटना व उपनियम, एवढं खोक्यात सापडलं तर शाखा चालू आहे असं समजायला हरकत नाही.

न्यूयॉर्कमधल्या वकिलीवर डोळा असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिथल्या सनदेसाठी 50 तास प्रो बोनो, म्हणजे विनामोबदला काम, लागतं, आणि ते कायद्याशी संबंधित, वकील, न्यायाधीश किंवा प्राध्यापकाच्या देखरेखीखालचंच काम असावं लागतं. चॅप्टरने अन्नदानाला डबे गोळा केले, शाळेच्या भिंती रंगवल्या, तर काम चांगलं, पण त्या तासांत धरलं जात नाही. चॅप्टरने स्थानिक वकिलांसोबत कायदा सल्ला शिबिर घेतलं तर धरलं जाऊ शकतं. त्यासाठी तारीख, तास आणि देखरेख करणाऱ्याचं नाव त्याच दिवशी टिपून ठेवा, कारण प्रमाणपत्रावर सही त्यांचीच लागते आणि वर्षभराने त्यांना तुम्ही आठवत नसता.

बायोडेटातही हाच हिशेब. 'सदस्य, फाय अल्फा डेल्टा' या ओळीला मुंबई-पुण्याच्या लॉ फर्ममध्ये कुणी विचारणार नाही. 'ट्रेझरर, वर्षाचा जमाखर्च आणि तीन मूट कोर्ट (सरावाच्या खटल्यांच्या) सत्रांचं आयोजन' असं लिहिलं, तर मुलाखतीत निदान एक प्रश्न त्यावर येतो.