इझाबेला साकारताना या चुका टाळा

कोमेदिया देल्लार्ते, म्हणजे इटलीचं मुखवट्यांचं विनोदी नाटक, शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आर्लेकिनो, म्हणजे उड्या मारणारा गमत्या नोकर, हवा असतो. प्रेयसी, म्हणजे इन्नामोराता (बहुधा तिचं नाव इझाबेला), जिच्या वाट्याला येते ती हिरमुसते. मग ठरलेल्या चुका सुरू होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे तिने हशा मागणं. आमच्या एका प्रयोगात इझाबेलाने प्रियकराचं पत्र वाचता वाचता प्रेक्षकांना डोळा मारला. टाळी पडली. पुढच्या प्रयोगात तिने तीनदा मारला. तिसऱ्या प्रयोगाला पांतालोनेने, म्हणजे नाटकातल्या कंजूष म्हाताऱ्याने, तिचं लग्न मोडलं, तेव्हा सभागृहात कुणालाच काही वाटलं नाही. तिलाच आपलं प्रेम खरं वाटत नव्हतं, तर लोकांना कसं वाटावं? म्हाताऱ्याची आडकाठी, नोकरांची धावपळ, सगळं त्या प्रेमाच्या खुंटीवर टांगलेलं असतं, खुंटीच निखळली.

तेव्हापासून पत्राचा प्रसंग मी आधी अजिबात न हसता तीनदा करून घेतो. पत्र अर्धं उलगडायचं, छातीशी धरायचं, धीर न होऊन पुन्हा दुमडायचं. हे मनापासून झालं की लोक हसतातच, कारण चार ओळींच्या चिठ्ठीसाठी ती जीव द्यायला निघालेली असते.

दुसरी चूक आळसाची. ‘सगळं उत्स्फूर्तच आहे, मग पाठांतर कशाला?’ हे ऐकून मला खरंच राग येतो. पांतालोने व्हेनिसच्या बोलीत बोलतो, नोकर बेर्गामोच्या. प्रेमिकांची भाषा मात्र साहित्यिक तोस्कानी, म्हणजे फ्लोरेन्सकडची ग्रांथिक इटालियन. ती आयत्या वेळी सुचत नाही. म्हणून नट वह्या ठेवत: विरह, मत्सर, रुसवा, प्रत्येकासाठी तयार भाषणं. जेलोसी या नाटक मंडळीतल्या इझाबेला आंद्रेईनी या नटीने 1589 मध्ये फ्लोरेन्सला, तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या लग्नसोहळ्यात, वेडाचा प्रसंग केला. त्यात ती वेगवेगळ्या भाषांत बोलली, सोबतच्या पात्रांच्या नकला केल्या. ‘मिर्तिल्ला’ हे तिचं नाटक आदल्याच वर्षी छापून आलं होतं. शब्दांवर एवढी हुकूमत असलेली बाई ती! तुम्ही निदान वीस ओळी स्वतःच्या हाताने वहीत लिहा. मोबाइलमध्ये नको, हाताने लिहिलेलं तोंडात बसतं.

बाकीच्या चुका किरकोळ. तिला मुखवटा चढवू नका. प्रेमिकांना तो नसतोच. तोंडाळपणा कोलोंबिनाचा, म्हणजे चतुर मोलकरणीचा, तो उसना घेऊ नका. आणि पाय रोवून उभ्या राहू नका. छाती पुढे, टाचा हलक्या, जणू प्रियकराचं नुसतं नाव कानावर पडलं तरी तोल जाईल.