बांधावरचे अनोळखी फूल: उपटण्याआधी नीट ओळखा

पाऊस ओसरू लागला की बांध, पाणंद, ओढ्याचा काठ आणि पडीक तुकडे फुलांनी भरून जातात. झाड ओळखायला हेच दिवस सगळ्यात सोयीचे. एकाच फांदीवर पान, फूल आणि कोवळे फळ तिन्ही सापडतात, आणि बी अजून गळालेले नसते. झाड नकोसे निघाले तरी जमीन ओली असते, मुळासकट उपटून येते. एकदा बी पडले की तेच काम पुढची कित्येक वर्षे मागे लागते.

ओळखताना बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते: फुलाचा रंग बघून नाव ठरवणे. पिवळ्या-नारिंगी फुलांचेच घ्या. सोनकी, बागेतून सुटलेला कॉसमॉस आणि बांधावर आपोआप उगवलेला झेंडू लांबून सारखेच वाटतात. जवळ जा आणि पान बघा. सोनकीची पाने साधी, दातेरी कडांची आणि खोडावर एकाआड एक असतात. कॉसमॉस आणि झेंडू या दोघांची पाने चिरलेली असतात, पण झेंडूचे पान चुरगळले की त्याचा ओळखीचा उग्र वास हाताला लागतो. कॉसमॉसला तो वास नाही. त्याचे पिकलेले बी बघितले की शंकाच उरत नाही, कारण ते काळपट, बारीक, लांब चोचीचे असते आणि टोकाच्या काटेरी कुसळांमुळे कपड्याला, जनावराच्या अंगाला चिकटते. तो बागेबाहेर पसरतो त्यात या कुसळांचाही हातभार आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की फुलाआधी खोड बघा. खोड गोल की चौकोनी? पाने समोरासमोर की एकाआड एक? देठ मोडला तर चीक येतो का, आणि कोणत्या रंगाचा? मग फूल उलटे करून मागची हिरवी बाजू बघा. चीक डोळ्याला किंवा तोंडाला लागू देऊ नका, आणि चव घेऊन झाड ओळखायच्या फंदात तर कधीच पडू नका.

पिवळा धोतरा असाच ओळखतात. काटेरी निळसर पान, त्यावर पांढऱ्या शिरा, आणि मोडल्यावर पिवळाधमक चीक. याचे बी मोहरीसारखे दिसते. ते मोहरीत मिसळून तेल निघाले तर खाणाऱ्याच्या पायांवर सूज येते, हृदयावर परिणाम होतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने माणसे दगावली होती. मोहरीच्या शेतात किंवा कडेला हे झाड दिसले तर ते फुलावर असतानाच काढा.

घाणेरी शोभेसाठी आणलेली, मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातली. खोड चौकोनी, बारीक काट्यांचे; पान खरखरीत आणि चुरगळल्यावर उग्र वासाचे; एकाच गुच्छात दोन-तीन रंगांची फुले. जनावराने पाला खाल्ला तर यकृत बिघडते, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते, विशेषतः पांढऱ्या अंगाच्या जनावरांची. चारा कमी असला की जनावरे ती खातात, तेव्हा चराईच्या जागेतली घाणेरी आधी काढा.

गाजरगवत लहानपणीच ओळखता आले पाहिजे. रोप जमिनीलगत चक्रासारखे पसरते आणि पाने गाजराच्या पानासारखी चिरलेली असतात. पुढे त्यावर पाच बारीक कोपऱ्यांची पांढरी फुले येतात. उघड्या हाताने उपटू नका, अंगाला खाज सुटते.

एखादे झाड बागेतून सुटलेले आहे की मूळचे रानातले, हे जागेवरून बऱ्यापैकी कळते. जुन्या घराची जागा, कचरा टाकायचे ठिकाण, रस्त्याची कड, ओढ्याचा उतार इथे बागेतून सुटलेले झाड एका ठिपक्यातून पसरलेले दिसते. दुहेरी पाकळ्यांचे फूल असेल तर बागेचाच संशय घ्या. मात्र एकच मोठे झाड दिसले म्हणून ते रुजले असे म्हणता येत नाही. आजूबाजूला वेगवेगळ्या वयाची रोपे सापडली, तर ते स्वतःच्या बळावर वाढते आहे असे समजा आणि लगेच हात घाला.

नाव सुचत नसेल तर फोटो नीट काढा: पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, पाने खोडाला जोडलेली जागा, फूल समोरून आणि मागून, फळ किंवा शेंग, आणि शेजारी मापासाठी पेन. मोबाइलवरचे ॲप अंदाज देते, पण विषारी की चाऱ्याचे हा निर्णय त्याच्यावर सोडू नका. एक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत वजनाखाली दाबून ठेवा, कागद रोज बदला, आणि तारीख, जागा, उंची, फुलाचा ताजा रंग लिहून ठेवा, कारण वाळल्यावर रंग उडतो. अशी फांदी वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवली की नाव कळायला सोपे जाते.

नाव कळेपर्यंत तणनाशक मारू नका. कळलावीसारखे रानातले मूळचे झाड हकनाक जाते. तिच्या पानाचे टोक वळून आधाराला धरते, यावरून ती पटकन ओळखू येते. ती विषारी आहे, तेव्हा जनावरे आणि मुलांपासून लांब असेल तर राहू द्या. उपटलेले बागेचे झाड किंवा जलपर्णीचे तुकडे ओढ्यात मात्र टाकू नका. पाण्यापासून लांब, उन्हात पूर्ण वाळवा.