गोड ब्रेडचा रेस्टॉरंटसारखा फ्रेंच टोस्ट: सगळं भिजवण्यावर आहे

आपल्याकडे घरोघरी फ्रेंच टोस्टचे दोन प्रकार होतात. एक कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेला तिखट, दुसरा अंड्यात साखर फेटून केलेला गोड. दोन्हींत नेहमीचा पातळ ब्रेड अंड्यात बुडवायचा आणि तव्यावर टाकायचा. चवीला छान लागतो, पण खरं म्हणजे ते ब्रेडला चिकटलेलं ऑम्लेट असतं. चांगल्या रेस्टॉरंटमधल्या जाड टोस्टवर अंडं दिसतच नाही. ते दुधाबरोबर आत मुरलेलं असतं, आणि सुरी लावली की मधला भाग खरवसासारखा मऊ कापला जातो. हा फरक सिरपने किंवा महागड्या बेरींनी पडत नाही. तो ब्रेडने आणि भिजवण्याने पडतो, म्हणून या लेखात बाकीचं थोडक्यात उरकते.

ब्रेड

हवाईत हा टोस्ट पोर्तुगीज गोड ब्रेडचा करतात. १८७८ पासून पोर्तुगालच्या मदेरा आणि अझोर्स बेटांवरची माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांवर कामाला गेली आणि अंडी, दूध, लोणी, साखर घातलेला आपला ब्रेड सोबत घेऊन गेली. आज तिथल्या नाश्त्याच्या हॉटेलांत तो सर्रास मिळतो. आपल्याला तो ब्रेड सहज मिळणार नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. बेकरीतला मिल्क ब्रेड किंवा ब्रिओश (अंडी-लोणी घातलेला मऊ फ्रेंच ब्रेड) घ्या. मोठ्या शहरांतल्या बेकऱ्यांत ब्रिओश आता मिळतो. बन मस्क्याचा गोड बनही चालतो, फक्त त्याची वरची चकचकीत साल कापून टाका, ती दूध पीत नाही. टुटीफ्रुटीचा ब्रेड टाळा, तव्यावर आधी टुटीफ्रुटी जळते. लादी पाव नको, तो भिजला की लगदा होतो.

ब्रेड अख्खा घ्या. बेकरीवाल्याला "कापू नका" असं आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने मशीनमध्ये घालतो. घरी दाते असलेल्या सुरीने अडीच सेंटिमीटर जाडीचे स्लाइस कापा.

मिश्रण

सहा स्लाइसना ३ अंडी, २०० मिली म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध, ५० मिली फ्रेश क्रीम, एक टेबलस्पून साखर, चिमूटभर मीठ, एक टीस्पून व्हॅनिला आणि थोडं किसलेलं जायफळ. आधी अंडी मीठ-साखर घालून फेटा, मग दूध-क्रीम मिसळा आणि गाळून घ्या. गाळायचा कंटाळा करू नका. पांढऱ्या बलकाचे धागे ब्रेडमध्ये शिरत नाहीत, वरच राहतात आणि तव्यावर पांढरे डाग पडतात. साखर वाढवू नका. ब्रेड मुळातच गोड आहे, जास्तीची साखर फक्त जळायच्या कामाची.

वाळवणं आणि भिजवणं

मला सगळ्यात जास्त त्रास इथेच व्हायचा, आणि बहुतेकांचा टोस्ट इथेच बिघडतो. बाहेरून तपकिरी, सुंदर. आत कापला की एक तर मधोमध कोरडी पांढरी पट्टी, नाहीतर कच्च्या अंड्याचा ओघळ.

मूळ अडचण अशी की गोड ब्रेड ताजा असताना फार मऊ असतो. साखर ओलावा धरून ठेवते, म्हणून तो साध्या ब्रेडपेक्षा जास्त वेळ लुसलुशीत राहतो. असा ब्रेड दुधात टाकला की बाहेरचा थर लगेच फुगून ढिला पडतो आणि दूध मध्यापर्यंत पोचायच्या आत स्लाइस हातात तुटतो. म्हणून तो आधी वाळवायलाच हवा.

परदेशी पाककृतींत "ब्रेड रात्रभर ओट्यावर उघडा ठेवा" असं लिहिलेलं असतं. कोरड्या थंड हवेत ते ठीक आहे. मुंबईत किंवा कोकणात तसा ब्रेड वाळत नाही, नुसता चिवट होतो, आणि पावसाळ्यात तर सकाळी त्यावर बुरशीचे ठिपके दिसू शकतात. फ्रिजमध्ये ठेवूनही हे काम होत नाही. तिथे ब्रेड शिळा होऊन कडक लागतो, पण त्यातलं पाणी हवं तेवढं जात नाही. ओटीजी किंवा ओव्हन १२० अंशांवर ठेवा, स्लाइस जाळीवर मांडा आणि १५ ते २० मिनिटं द्या, मध्ये एकदा उलटा. रंग अजिबात चढता कामा नये. बोटाने दाबल्यावर वरचा पृष्ठभाग कोरडा, किंचित खरखरीत लागला आणि आतून अजून थोडा दबला, की झालं. ओव्हन नसेल तर तवा अगदी मंद आचेवर ठेवून तेल-तूप न लावता दोन्ही बाजू निवांत सुकवा. मग पूर्ण गार होऊ द्या, गरम ब्रेड मिश्रणात टाकू नका.

आता भिजवणं. "बुडवा आणि लगेच काढा" हा सल्ला पातळ सँडविच ब्रेडसाठी आहे. जाड स्लाइसला तो लावला की ती पांढरी पट्टी ठरलेली. उलट टोकाचा सल्ला म्हणजे रात्रभर भिजत ठेवायचं. भांड्यात थर लावून ओव्हनमध्ये भाजणार असाल तर तो ठीक आहे, तव्यावर करायच्या टोस्टला नाही.

खोलगट वाडगा न घेता पसरट काठाचं ताट घ्या आणि मिश्रण त्यात अर्ध्या स्लाइसच्या उंचीपर्यंतच ओता. एका वेळी दोनच स्लाइस ठेवा. एका बाजूला दोन मिनिटं, उलटून आणखी दोन. बोटांनी दाबू नका. दाबलं की ब्रेडमधली हवेची जाळी बसते आणि टोस्ट पुढे फुगतच नाही. उलटताना रुंद उलथनं वापरा. नीट भिजलेला स्लाइस उचलल्यावर जड लागतो, मधोमध किंचित वाकतो, पण फाटत नाही. अजिबात वाकत नसेल तर आणखी अर्धं मिनिट द्या.

मग बहुतेक पाककृतींत नसलेली, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: भिजलेले स्लाइस जाळीवर पाच मिनिटं राहू द्या. जादा मिश्रण निथळतं आणि बाहेर साचलेला ओलावा आत सरकून सगळीकडे सारखा होतो. ही पाच मिनिटं वाचवलीत तर तव्यावर स्लाइसभोवती अंड्याची झालर तयार होते. नव्या ब्रेडचा पहिला स्लाइस मधोमध कापून बघा. कडेपासून मध्यापर्यंत एकच फिकट पिवळा रंग दिसला, की त्या ब्रेडची वेळ तुम्हाला सापडली. प्रत्येक बेकरीचा ब्रेड वेगळा पितो.

तव्यावर

आच मध्यमपेक्षा कमी. ब्रेडमधली आणि दुधातली साखर लवकर रंग घेते, त्यामुळे मोठ्या आचेवर आतलं अंडं शिजायच्या आत बाहेरचं काळं होतं. नुसतं बटर जळतं, म्हणून एक चमचा साजूक तूप आणि वासासाठी थोडं बटर. प्रत्येक बाजूला तीन ते चार मिनिटं, मग स्लाइस उभा धरून चारही कडा थोड्या थोड्या शेकून घ्या. वरून झाकण ठेवू नका, वाफेने कुरकुरीतपणा जातो.

रेस्टॉरंटवाले इथे थांबत नाहीत. तव्यावर रंग आला की जाळीवर ठेवून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं. आतल्या पाण्याची वाफ होऊन टोस्ट मधोमध टम्म फुगतो आणि अंडंही पूर्ण शिजतं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी किमान ७१ अंश दिसायला हवेत. नसेल तर मधोमध हलकं दाबा, उसळून वर आलं पाहिजे. ओव्हन नसेल तर आच अगदी बारीक करून दोन्ही बाजूंना आणखी दोन-दोन मिनिटं द्या.

पातळ, काचेसारखा गोड पापुद्रा हवा असेल तर शेवटच्या मिनिटाला वरच्या बाजूवर अर्धा चमचा साखर भुरभुरवा आणि ती बाजू तव्यावर उलटा.

वाढताना

लगेच वाढा. मध, तुपात परतलेलं केळं, एप्रिल-मे असेल तर हापूसच्या फोडी. हवाईत नारळाचं सिरप देतात, ते आपल्याला अगदी सोपं: एक वाटी नारळाचं घट्ट दूध, पाव वाटी साखर आणि चिमूटभर मीठ मंद आचेवर ढवळत दाट करा. उकळी फुटू देऊ नका, दूध फाटतं.

उरलेले टोस्ट पूर्ण गार करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्ह नको, त्यात ते रबरासारखे होतात. फ्रीझरमधून थेट १८० अंशांच्या ओव्हनमध्ये, दहा-बारा मिनिटं.