कमी पैशांत गाडीचे टायर बदलताना या चुका टाळा

टायर बदलायची वेळ आली आणि हातात पैसे मोजकेच असले की माणूस पहिली चौकशी करतो ती किमतीची, आणि बहुतेक चुकांची सुरुवात तिथेच होते. नात्यातल्या आणि ओळखीतल्या अनेकांबरोबर मी टायरच्या दुकानात उभा राहिलो आहे आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहिल्या आहेत. बेताच्या पैशांत चांगले टायर नक्की मिळतात, मात्र त्यासाठी दुकानात जाण्यापूर्वी अर्धा तास जुन्या टायरांपाशी बसावे लागते, आणि नेमका तोच अर्धा तास द्यायला कोणी तयार नसते.

सर्वांत जास्त फसगत होते ती निम्म्या किमतीत मिळणाऱ्या वापरलेल्या टायरांत. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिमी खोल असतात. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिमी असते आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजायचे. म्हणजे नव्या टायरमध्ये प्रत्यक्ष वापरायला ६.४ मिमी रबर मिळते. आता ४ मिमी नक्षी उरलेला टायर ‘निम्मा शिल्लक आहे’ म्हणून निम्म्या किमतीत घेतला, तर वापरायला मिळतात फक्त २.४ मिमी, म्हणजे नव्याच्या ३७-३८ टक्के. त्यातही नक्षी ३ मिमीच्या खाली गेली की ओल्या रस्त्यावरची पकड झपाट्याने कमी होते. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की स्वस्त वाटणारा सौदा महाग असल्याचे बहुतेकांच्या ध्यानात येते. तरीही वापरलेला टायर घ्यावाच लागला, तर तो रिमवरून उतरवलेल्या स्थितीत आतून पाहावा. आत पंक्चरचे ठिगळ आहे का, बाजूच्या भिंतीला आतून घासल्याचा गोल पट्टा उमटला आहे का, हाताला रबराची काळी भुकटी लागते का, हे तपासावे. असा पट्टा आणि भुकटी या हवा नसताना टायर चालवल्याच्या खुणा असतात आणि बाहेरून त्या बहुधा दिसत नाहीत. खाचांच्या तळाचे उंचवटेच सापडले नाहीत, तर गोटा झालेल्या टायरवर खाचा पुन्हा कोरलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. असा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

दुसरी चूक वयाची. तिच्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तिने आमच्या घरच्या चार माणसांचा जीव धोक्यात घातला होता.

२०१९ मध्ये माझ्या मावसभावाने जुनी गाडी विकत घेतली आणि महिन्याभरातच तिच्या मागच्या एका टायरची बाजू दगडाने कापली. बाजूच्या भिंतीचे पंक्चर काढता येत नाही, त्यामुळे टायर बदलणे भागच होते आणि गाडी घेऊन त्याचा हात रिकामा झालेला होता. तो म्हणाला, “दादा, स्टेपनी अगदी नवीकोरी आहे, तिने रस्ता पाहिलेलाच नाही. तीच लावतो आणि डिकीत एखादा वापरलेला टायर टाकून ठेवतो.” स्टेपनीवर कारखान्यातून येते ती रबराची बारीक लव तशीच होती. मी नक्षीवरून हात फिरवला आणि लाव म्हणालो. तो सल्ला चुकीचा होता.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, चार माणसे आणि सामान घेऊन गाडी ताशी ८० किमी वेगाने चालली असताना मागची सीट थरथरू लागली. चाकाचे बॅलन्सिंग, म्हणजे वजनाचा समतोल, बिघडले असेल असे समजून तो तसाच दोन-तीन किमी पुढे गेला. मागे बसलेली मावशी म्हणाली, “अरे, माझ्या बुडाखाली काहीतरी धडधडतंय, थांब आधी,” तेव्हा कुठे त्याने गाडी कडेला घेतली. टायरच्या नक्षीचा तळहाताएवढा भाग आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटून वर फुगला होता आणि फुगवट्याच्या कडेने तारा दिसत होत्या. मला फोन आला तेव्हा मी त्याला टायरच्या भिंतीवर छापलेली, डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधायला सांगितली. पूर्ण आकडा बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि इथे तो आतल्या बाजूला होता, त्यामुळे मोबाइलचा दिवा लावून त्याला गाडीखाली डोके घालावे लागले. शेवटचे चार आकडे होते ०८०९, म्हणजे टायर बनला होता २००९ सालच्या आठव्या आठवड्यात. न वापरलेला तो टायर दहा वर्षांचा म्हातारा होता.

रबर वापरावाचूनही जुने होते. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता त्याला आतून कडक करत राहतात. उलट, चालत्या टायरमधले संरक्षक मेण दबण्या-उलगडण्याने पृष्ठभागावर येत राहते, तो लाभ डिकीत पडून असलेल्या टायरला मिळत नाही. अनेक वाहननिर्माते ६ वर्षांनंतर टायर बदलण्याची शिफारस करतात आणि अनेक टायर कंपन्या १० वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात, मग नक्षी कितीही भरलेली असो. स्टेपनीही त्यातच आली. त्या दिवसापासून मी टायर रिमवर चढण्यापूर्वी प्रत्येकाचे चार आकडे स्वतः वाचतो. प्रत्येकाचे म्हणण्याचे कारण असे की जोडीतला एक ताजा आणि दुसरा तीन वर्षांपूर्वीचा, असे माझ्या बाबतीत घडले आहे. नीट साठवलेला वर्षभरापूर्वीचा टायर मी निःशंकपणे घेतो. त्याहून जुना असेल तर वयाच्या हिशेबाने किंमत उतरवून मागतो आणि तीन वर्षांपलीकडचा घेतच नाही. नक्षीच्या तळाशी किंवा बाजूला केसासारख्या भेगा दिसल्या, तर आकडा न वाचताही नकार द्यावा. वरून चोपडलेली काळी चकाकी अशा भेगा झाकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून मगच पाहावे.

तिसरी चूक म्हणजे जुना टायर का झिजला हे न शोधता नवा चढवणे. टायर स्वतःची तक्रार झिजेतून सांगत असतो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त भरली गेली, जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक अब्सॉर्बर तपासायला हवेत, आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडले आहे. पैसे वाचवण्यासाठी लोक सर्वांत आधी अलाइनमेंट गाळतात. मीही एकदा ते गाळले होते. पुढचे दोन टायर नवे घेतले आणि आठ हजार किमी होईपर्यंत डाव्या टायरच्या आतल्या कडेला तारा उघड्या पडल्या. चाके सरळ असताना ती कड दिसतच नाही आणि मी स्टीअरिंग पूर्ण वळवून कधी पाहिले नव्हते. टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगची दांडी चाकाशी जोडणारा सांधा, ढिला झालेला निघाला. तो सुटा भाग आणि अलाइनमेंट यांचा खर्च मिळून एका टायरच्या किमतीपेक्षा बराच कमी होता. ढिले भाग तसेच ठेवून केलेले अलाइनमेंट टिकत नाही, म्हणून आधी ते बदलून घ्यावेत. घरच्या घरी करण्याजोगी एक तपासणी आहे: नक्षीवरून तळहात आडवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे खरखरीत लागले, तर नवे टायर घेण्यापूर्वी अलाइनमेंट करून घ्यावे.

टायरचा आकार जुळला म्हणजे काम झाले, असे मानणारेही पुष्कळ भेटतात. टायरवर छापलेल्या १८५/६५ आर१५ ८८एच या ओळीतला ८८ हा भारांक आहे आणि त्याचा अर्थ एका टायरची क्षमता ५६० किलो असा होतो. ८४ भारांकाचा टायर ५०० किलोच पेलतो, म्हणजे चार चाकांवर २४० किलोंची तूट येते. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते, एच म्हणजे ताशी २१० किमी आणि टी म्हणजे १९०. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यांपेक्षा कमी काहीही स्वीकारू नये.

दोनच टायर घेण्याइतके पैसे असतील, तर एकाच आसाच्या दोन्ही चाकांना सारखी जोडी बसवावी आणि नवी जोडी मागे लावावी, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी घसरली तर गाडी गरकन फिरते आणि नवशिक्या चालकाला ती सावरता येत नाही. पुढची घसरली तर वेग उतरवून गाडी बरीचशी ताब्यात आणता येते. या सल्ल्यावर दुकानात वाद होतो आणि घाईत असलेला माणूस ‘कुठेही लावा’ म्हणून मोकळा होतो. तसे म्हणू नका.

टायरच्या बाजूला छापलेला हवेचा आकडा कमाल मर्यादेचा असतो. भरायचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. ‘ट्रेडवेअर’चा, म्हणजे नक्षी किती टिकेल याचा, आकडा कंपनी स्वतः ठरवते, म्हणून तो एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करण्यापुरता वापरावा.

बचत करायची असेल तर कंपनीने दिलेला मूळ आकारच घ्यावा आणि रुंद टायरचा मोह सोडावा. नायट्रोजनचे पैसे वाचवावेत, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. बॅलन्सिंग आणि नवा रबरी व्हॉल्व्ह यांत मात्र काटकसर नको. टायरवर बाहेरची बाजू दाखवणारी खूण किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर गाडी जॅकवरून उतरण्यापूर्वी तो स्वतः पाहून घ्यावा. मी निघण्यापूर्वी किलोमीटरचा आकडा आणि टायरांचे चार आकडे पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो, आणि ८० ते १०० किमी झाले की पाना घेऊन चारही चाकांचे नट पुन्हा आवळून पाहतो.