संक्रांतीचा बाजार सायकलवरून घरी आणताना

संक्रांतीच्या आधीच्या आठवडी बाजारात तीळ-गूळ, हळदीकुंकवाचं वाण, सुगडं, ऊस सगळं एकदमच घ्यावं लागतं. त्यात थंडी वाढली की घरात एक गादी कमी पडतेच. हे सगळं सायकलवर नीट येतं, फक्त बांधणी पक्की हवी.

सकाळी निघताना हवा भरा. थंडीने ट्यूबमधली हवा आकसते, काल टणक असलेलं चाक आज बोटाने दबतं, आणि ओझ्याखाली तसंच दामटलं तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते. मागचे आरे एकेक चिमटीत धरून हलवून बघा. जुन्या काळ्या सायकलला पुढे 32 आणि मागे 40 आरे असतात, कारण भार मागेच पडतो. ढिला आरा मिस्त्रीकडून आवळून घ्या.

बांधायला सुतळी नकोच. जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून ठेवा. हादऱ्यांनी गादी दबते तशी सुतळी सैल पडते, ट्यूब मात्र गादीबरोबर आकसत जाते. मी एकदा सुतळीवर भागवलं. पांदणीत बैलगाडीच्या वाळलेल्या चाकोऱ्यांवरून येताना गादी डावीकडे घसरली, मागून खर्रकन आवाज आला. उतरून पाहतो तर नव्या खोळीचं टोक आऱ्यांत गुंतून थेट चेनपर्यंत गेलेलं. त्या दिवसापासून ट्यूबच.

ओझं चढवताना सायकल स्टँडवर घ्या आणि कोणाला तरी हँडल धरायला सांगा, नाहीतर मागे वजन पडताच पुढचं चाक उचललं जातं. गूळ, तीळ, वाणाची भांडी दोन थैल्यांत सारखी वाटून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, टाचेला लागणार नाहीत अशी अडकवा. गादी आधी लांबीत दुमडा, मग गुंडाळा. तीन फुटांची गादी अशी दीड फुटात बसते, हँडलच्या बाहेर जात नाही. गुंडाळी सीटला अगदी टेकवून आवळा.

पूजेला शेवटी उसाचे तुकडेच लागतात, तेव्हा विकणाऱ्याकडूनच हातभर तुकडे करून घ्या आणि दांड्याला बांधा. सुगडांत कुटार भरा आणि ती पाठीवरच्या पिशवीत घ्या. हादरे अंगावर जिरतात.

मग सीट धरून सायकल गदगदा हलवा, दहा पावलं ढकलून पाहा. पुढचं चाक हलकं वाटलं तर ओझं पुढे सरकवा.

गादी असताना मागून टांग टाकता येत नाही. सायकल थोडी कलती करून पाय दांड्यावरूनच पलीकडे न्या. चढावर उतरा, एक हात हँडलवर, दुसरा गादीवर. उतारावर मागचा ब्रेक आधीपासून हलकाच दाबत राहा.

जानेवारीत नागपूरकडे सूर्य सहाच्या आत मावळतो आणि रस्त्यावर कापसाचे ट्रॅक्टर चालू असतात. गादीमागे सायकलचा लाल रिफ्लेक्टर झाकला जातो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. तो काढून गादीच्या मागच्या अंगाला बांधा आणि चारलाच बाजारातून निघा.

अंगणात पोचल्यावर आतून कोणाला तरी हाक मारा. आधी गादी उतरवा, मग दोन्ही थैल्या एकाच वेळी. एक आधी काढली की सायकल दुसरीकडे कलंडते.